तळातून चढलेली रेघ

इंद्रकुमार येणार हे नीतूला ठाऊक होतं. मोटारपटाला आठ दिवस उरले होते, नागपूरच्या वर्कशॉपनं त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलं होतं, आणि अख्ख्या गोंदियात गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक धडपणे बोअर करणारी, म्हणजे त्याचे सिलिंडर आतून कातून सरळ करणारी, मशीन एकच होती. ती मुर्री भागात होती, तिच्या बापाच्या शटरमागं. जाईल कुठं?

तो आला. अंगात काळं जॅकेट, मागं हिमांशु. हिमांशुचं काम एकच, इंद्रकुमार शिंकला तरी त्याची रील काढायची. टेम्पोत दोन ब्लॉक होते.

"क्या नीतू, पहचाना का?"

"तुमाले कोण विसरंल, भाऊ."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शंकरपटात बैलांच्या दोन जोड्या सुटतात, तशा नागरा गावाच्या पुढं एका ओसाड ले-आउटच्या सरळ रस्त्यावर दरवर्षी जानेवारीत दोन-दोन गाड्या सोडतात. त्यालाच लोक मोटारपट म्हणतात. माइक शंकरपटाचाच आणि माइकवरचे केशोरावही शंकरपटाचेच. त्या वर्षी इंद्रकुमारची गाडी अर्ध्या रस्त्यात वाफेचा ढग सोडून थांबली. या माणसानं बॉनेटसुद्धा धड उघडलं नाही. केशोरावांच्या हातातला माइक ओढला आणि हजार माणसांत बोलला, "उमराव उस्तादाचा हात कापते आता. बोअर वाकडा मारला म्हाताऱ्यानं. पिठाच्या गिरणीत बसवा रे त्याले!"

लोक हसले. त्या एका हसण्यात नीतूच्या बापाचा, उमरावचा चाळीस वर्षांचा हात संपला. गॅरेजवाल्यांनी ब्लॉक नागपूरला पाठवायला सुरुवात केली. उमराव सकाळी शटरपर्यंत यायचा, कुलपाला हात लावायचा आणि घरात परत जायचा. मशीन चालवायचं त्यानंच पोरीला शिकवलं होतं, म्हणून नीतूनं ती चालू ठेवली. ट्रॅक्टर आणि पंपांची कामं, तीही ओळखीच्यांची. बाकीचे दारावरूनच विचारायचे, "उस्तादानं तं हात नाही ना लावला?" त्या प्रत्येकाचं तोंड नीतूच्या लक्षात होतं.

फुटलेला ब्लॉक इंद्रकुमारनं त्याच दिवशी भंगारात टाकला होता. नीतूनं तो दोन महिन्यांनी शोधून काढला. बापाचा ठसा होता त्यावर, 'उ' आणि त्याखाली टिंब. सिलिंडरात मापाचा डायल लावायच्या आधी ती घटकाभर नुसती बसून राहिली, कारण बोअर खरंच वाकडा निघाला असता तर बोलायला जागा नव्हती. डायलचा काटा खालपासून वरपर्यंत जागचा हलला नाही. बोअर सरळ होता. मग तिनं ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला डिझेल चोळलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि चुन्याची भुकटी उडवली. तड्यात शिरलेलं डिझेल पाच मिनिटांत चुन्यातून वर आलं. केसाएवढी काळी रेघ. सुरुवात कुठं? हेडचा, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचा, बोल्ट ज्या भोकात जातो, त्या भोकाच्या बरोबर तळाशी.

नीतूचं खानदान तलावांच्या पाळी बांधणाऱ्यांचं. तिचा आजा पाळीवरून अनवाणी चालायचा आणि पाणी कुठून झिरपतं ते तळव्याला कळायचं. पोरीला रेघ पाहून कळलं. या जातीच्या ब्लॉकमधली ती भोकं आरपार नसतात, तळ बंद असतो. त्यात तेल भरलं आणि वरून बोल्ट कसला की तेलाला पळायला वाट नाही. तेल काही दबत नाही. बीड फुटतं. उमरावनं तेव्हा इंद्रकुमारला तोंडानं बजावलं होतं, "भोकं कोरडी करजो बापू, मंगच बोल्ट लावजो." पण बोल्ट सरसर जावा म्हणून भोकात तेल ओतायची इंद्रकुमारची सवय. त्याच्या रीलमध्ये तो ते दाखवायचाही.

हे ती कोणाला दाखवणार होती? पोरगी बापाची बाजू घेते, म्हणाले असते. म्हणून तो ब्लॉक पोत्यात गुंडाळून तिनं मशीनमागं ठेवला आणि वाट पाहिली.

"पाचशे घोडे काढायचे हायेत या टायमाले," इंद्रकुमार म्हणाला. "मोठा टर्बो मंगवला. बोल, या दोघांतला कोणता घेऊ? हा लाल मस्त हाय. रीलमध्ये भारी दिसते."

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानंच तो फिरतो आणि इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त धडाका. तो धडाका सोसायचा ब्लॉकनं.

नीतूनं लाल रंगवलेल्या बिडाच्या ब्लॉकवर हातोडी हलकेच मारली, मग सिलिंडरात डायल घातला. "हा दोनदा बोअर झाला हाय. भिंती पापडावानी पातळ झाल्या. पाचशे घोडे याच्यात पहिल्या धावंलेच भिंत फाडतीन."

"और ये? अॅल्युमिनियम. वजनानं अर्धा."

"वरून पाहा ना. बादलीत गिलास ठेवल्यावानी चारही सिलिंडर सुटे उभे हायेत. वरती कायचाच आधार नाही. साध्या गाडीले चालते. तुमचा टर्बो दाबंल तं हे हलतीन आन् हेडची पॅकिंग उडंल."

लाल ब्लॉक त्याला द्यायचा मोह तिला झाला नाही असं नाही. तो स्वतःच मागत होता. पन्नास पावलांत फाटला असता. पण मग तो म्हणाला असता, ब्लॉक खराब, बोअर खराब, बाप तशी लेक. तिला त्याच्याकडं एकही सबब ठेवायची नव्हती. सगळ्यात चांगला ब्लॉक, सगळ्यात सरळ बोअर द्यायचा, म्हणजे फुटायला त्याच्या हातांशिवाय काही उरणारच नाही.

ती मागं गेली आणि गंजलेला एक ब्लॉक ढकलत घेऊन आली. पोत्यातल्या ब्लॉकचाच जातभाई. "बोदलकस्याच्या एका शेतकऱ्यानं गाडी भंगारात देली, इंजिन पंपाले जोडलं. नऊ वर्षं चाललं. तापून तापून बीड मुरलं हाय. एकदाबी बोअर नाही झाला, भिंती जशाच्या तशा जाड." तिनं हातोडी मारली. ब्लॉक देवळातल्या घंटेसारखा वाजला.

इंद्रकुमारनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "मले चांगला माल काऊन देऊन राहिली तू?"

"धंदा करून राहिली, भाऊ. भांडण करून पोट भरते का?"

साफ खोटं. पण तो हसला. ज्याला सगळं जग आपल्यावर भाळलेलं वाटतं त्याला हे पटवायला वेळ लागत नाही.

चौथ्या दिवशी ब्लॉक तयार झाला. नीतूनं 'उ' आणि टिंबाचा ठसा मारला, मुद्दाम. मग एक कागद पुढं केला. पहिल्या ओळीत चारही सिलिंडरांची मापं. दुसऱ्या ओळीत गिऱ्हाइकाची कबुली: मापं मी स्वतः डायल लावून पाहिली, बरोबर आहेत. तिसरी ओळ: 'हेडच्या बोल्टांची भोकं पूर्ण कोरडी करूनच बोल्ट कसावे. भोकात तेल राहिल्यास ब्लॉक फुटतो.'

"वाचून घ्या, भाऊ."

"अरे, मी काय तहसीलमधी आलो का?" इंद्रकुमारनं डायल मात्र ऐटीत लावला, कारण हिमांशु शूटिंग करत होता. काटा हलला नाही. "एकदम सीधा!" तो मोबाईलकडं बघून ओरडला आणि कागदावर न बघता सही ठोकली.

जेवताना उमरावनं विचारलं, "भोकांचं सांगतली का त्याले?"

"लिहून देली."

"तोंडानं सांगजो."

"तुमी तोंडानं सांगतलं होतं बाबा. काय झालं त्याचं?"

उमराव भात कालवत राहिला. "तरीबी सांगजो," तो म्हणाला. नीतू उठली आणि भांडी घासायला गेली.

दोन दिवसांनी, दुपारी, रील आली. इंद्रकुमार तेलाच्या कॅनमधून एकेका भोकात धार सोडतोय. "इंजिन ले पहले तेल पिलाओ, फिर वो तुमको जिताएगा!" मग पान्याला लांब पाइप लावून तो बोल्ट कसतोय, अंगाचा सगळा भार टाकून. नीतूनं रील तीनदा पाहिली. फोन हातातच होता, नंबरही होता. एक फोन केला असता तर ब्लॉक वाचला असता. तिनं फोन चार्जिंगला लावला आणि एका पंपाचं काम मशीनवर चढवलं.

पटाच्या दिवशी ती लोडिंग ऑटो घेऊन गेली. मागं पोत्यात गुंडाळलेला जुना ब्लॉक. शेजारी उमराव. त्याला यायचंच नव्हतं. तिनं फक्त म्हटलं, "चला." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो निमूट बसला.

पहिली धाव इंद्रकुमारनं जिंकली. दुसऱ्या धावेला त्यानं टर्बोचा दाब वाढवला. गाडी सुटली, शिट्टीसारखा आवाज चढत गेला, आणि अर्ध्या रस्त्यात बॉनेटखालून पांढरी वाफ फुटली. तीन वर्षांपूर्वी जशी फुटली होती, तशीच.

इंद्रकुमार उतरला तो थेट माइककडं. "बोअर! वाकडा बोअर! बापानं केलं तेच लेकीनं केलं! मी म्हटलं नोहतं?"

या वेळी माइकची दुसरी बाजू नीतूनं धरली. "हेड उघडा. इथंच. सगळ्यांसमोर."

"हेड काय इथं उघडते?"

"काऊन? तीन वर्षाआधीबी नाही उघडलं. भेव लागते का?"

"उघड ना बे!" मागून कोणीतरी ओरडलं. "बोअर दाखव!" दुसरा ओरडला. केशोराव म्हणाले, "पंचाईचा निर्णय, हेड इथंच उघडंल." इंजिन थंड होऊन हेड उतरायला दोन तास लागले. एक माणूस हलला नाही. लोकांनी भजे खाल्ले आणि थांबले.

नीतूनं डायल केशोरावांच्या हातात दिला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण काटा हलत नाही हे कळायला उस्ताद असावं लागत नाही. चारही सिलिंडर, वरपासून खालपर्यंत. "काटा जागचा हलत नाही," केशोराव माइकवर म्हणाले. मग नीतूनं ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला डिझेल लावलं, पुसलं, चुना उडवला. शेजारी जुन्या ब्लॉकचं पोतं फाडलं, त्यालाही तसंच केलं.

दोन्हींवर रेघ आली.

तिनं एक तार भोकात तळापर्यंत घातली, काठाशी बोटानं धरली, बाहेर काढून ब्लॉकच्या अंगाला टेकवली. तारेचं टोक बरोबर रेघेच्या सुरुवातीला. जुन्या ब्लॉकवर तेच. तारेचं टोक तिनं इंद्रकुमारच्या नाकासमोर धरलं. तेल टपकत होतं.

"वाचा," म्हणत तिनं केशोरावांना कागद दिला.

केशोरावांनी चष्मा चढवला. शंकरपटात बैलांची नावं पुकारतात त्या ठसक्यात त्यांनी तिसरी ओळ वाचली. मग खाली बघून, "सही, इंद्रकुमार." तोवर पोरांनी मोबाईलवर ती रील लावली होती. चहूकडून एकच आवाज येत होता, इंजिन ले पहले तेल पिलाओ.

लोक हसले. तेच लोक. नीतूनं त्या हसण्यात भाग घेतला नाही, तिला त्यांचंही तोंड लक्षात होतं.

"तुले मालूम होतं," इंद्रकुमार दातओठ खात म्हणाला. "तू बोलली काऊन नाही?"

"माहा बाप बोलला होता."

आता ते दोन्ही ब्लॉक मुर्रीत शटरच्या बाहेर, रस्त्याकडं तोंड करून मांडलेले आहेत. फुटका नवा ब्लॉक इंद्रकुमारनं गाडीतून उतरवून रस्त्यातच टाकला होता, तो नीतू घेऊन आली. काम पुन्हा येतं. जे गॅरेजवाले नागपूरला जायचे, त्यांना ती आधी ब्लॉकसमोर उभं करते, रेघ बघायला लावते, मगच आत घेते. उमराव मशीनवर बसतो. एकदा इंद्रकुमारनं हिमांशुला पाठवलं, ते दोन ब्लॉक विकत दे म्हणून. नीतूनं त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

"पोरी, आता पुरे," उमराव म्हणाला. "उचल ते. मलेच पाहावत नाही."

"तुमी किती दिवस कुलपाले हात लावून परत गेले, बाबा?"

उमराव फडक्यानं मशीन पुसायला लागला.

"तीन वर्षं," नीतू म्हणाली. "तेवढेच दिवस राहतीन ते. एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही."

पावसानं रेघ धुतली जाते, म्हणून दर सोमवारी ती डिझेल आणि चुना घेऊन बाहेर बसते. कालही बसली होती. रस्त्यानं इंद्रकुमारची गाडी गेली, काचा वर करून. नीतूनं मान वर करून पाहिलं, हात झटकला, आणि जुन्या ब्लॉकवर चुना जरा जास्तच उडवला.