पूल बंद केल्याचा शनिवार

शशिधरने जाळीची काठी पाण्यातून शेवटची एकदा ओढली आणि चिकटलेली पानं कुंपणाच्या कडेला झटकली. पाणी वीतभर खाली उतरवून झालं होतं. आतल्या निळ्या प्लास्टिकच्या अस्तरावर उन्हाळ्यातल्या पातळीची पिवळट रेघ उघडी पडली होती. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार होता. नॉटिंगहॅमला कडाक्याची थंडी पडायच्या आत, दरवर्षी याच सुमाराला तो मागच्या बागेतला पोहायचा पूल हिवाळ्यापुरता बंद करायचा.

घराला जोडलेल्या काचेच्या खोलीतून त्याची बायको सुप्रभा बघत होती. एरवी ती बाहेर त्याच्याजवळ उभी असायची आणि पुढचं काम काय ते सांगायची. पूल तिच्याच हट्टाने झाला होता. तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांना पाण्यात चालवल्यावर, रिटायर होताना तिने एवढंच मागितलं होतं.

या फेब्रुवारीत तिच्या आजाराचं निदान झालं. मोटर न्यूरॉन डिसीज, एकेक स्नायू निकामी करत जाणारा. शशिधर स्वतः रेडिओलॉजिस्ट, त्यामुळे पुढे काय होणार हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जून-जुलैत तो तिला रोज पाण्यात न्यायचा. जमिनीवर तिचं वजन न पेलणारे पाय पाण्यात उभे राहायचे. त्याचे खांदे धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि त्या अर्ध्या तासात आजाराचं नाव कुणी काढायचं नाही. ऑगस्टअखेर मान सावरेनाशी झाली, तेव्हा तेही थांबलं.

आता फक्त डोळे तिच्या ताब्यात होते. व्हीलचेअरला लावलेल्या टॅब्लेटवर ती नजरेने एकेक अक्षर निवडायची आणि टॅब्लेट ते वाचून दाखवायचा. तिचं मराठी एखाद्या इंग्रज बाईच्या उच्चारात ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात दोघं त्यावर खूप हसली होती.

एडिनबराहून मुलगी, ऋजुता, दर रविवारी फोनवर सांगायची की बाबा, यंदा माणूस बोलवा, तुम्ही एकटे नका करू. तो नको म्हणायचा.

त्याने पाण्यात औषध टाकलं. कव्हर ओढून त्याचे पट्टे कडेच्या हुकांत अडकवले. मग तो शेडमध्ये गेला. उरले होते ते पाइप. कॉम्प्रेसरने हवा सोडून त्यांच्यातलं सगळं पाणी काढायचं आणि तोंडं बुचांनी बंद करायची. नाही केलं तर पाणी आत गोठतं आणि पाइप फुटतात. दोन तासांचं काम. कॉम्प्रेसरची नळी हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. फुटले तर ते एप्रिलमध्ये कळणार. एप्रिलमध्ये हा पूल कुणासाठी उघडायचा?

त्याने नळी जागेवर ठेवली आणि शेडला कडी घातली.

आत येऊन तो हात धूत असताना मागून टॅब्लेटने विचारलं,

"पाइप झाले का?"

"झाले," नळ बंद न करता तो म्हणाला. "सगळं झालं."

तो वळला तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. मग तिची नजर स्क्रीनवर गेली.

"छान," टॅब्लेट म्हणाला.

खोटं बोलणं जड जाईल असं त्याला वाटलं होतं. ते इतकं सहज जमलं, याचीच त्याला भीती वाटली. त्याने तिच्या पोटातल्या नळीला दुपारच्या पातळ अन्नाची पिशवी जोडली आणि शेजारी पेपर घेऊन बसला. ती किती तरी वेळ स्क्रीनवर काहीतरी लिहीत होती. ऋजुताला लिहीत असेल, असं समजून त्याने विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी बाजूच्या फाटकाशी एक व्हॅन थांबली. पूलच्या दुकानातला कॉलिन होता. शशिधर त्याला ओळखत होता, पण पूलच्या औषधांसाठी त्याला फोन करायची ती कायम सुप्रभा. कॉलिनने सांगितलं की शनिवारी मिसेसचा मेल आला होता. मेलमध्ये होतं: मिस्टरांनी पूल बंद केला आहे, पण पाइप राहिलेत. आठवडाअखेर पाणी गोठेल अशी थंडी पडणार आहे, त्याआधी जमेल का? मिस्टरांची तब्येत ठीक नाही, त्यांना काही बोलू नका.

"पण तुम्ही तर बरे दिसता," कॉलिन म्हणाला.

शशिधरने मान हलवली. चार ओळींचा मेल. म्हणजे तिला तासाच्या वर वेळ लागला असणार. आणि त्या वेळी शशिधर तिच्या शेजारीच पेपर घेऊन बसला होता.

कॉलिनने कॉम्प्रेसर सुरू केला. पाइपांतलं पाणी धाप लागल्यासारखं बाहेर पडू लागलं. शशिधर हात खिशात घालून उभा राहिला. काचेकडे बघायचं त्याने टाळलं. अखेर बघितलं तेव्हा सुप्रभाचं लक्ष पूलकडे नव्हतंच. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण चेहऱ्याचे स्नायू केव्हाच गेले होते.

काम संपल्यावर कॉलिनने गुडघ्यावर फॉर्म टेकवून भरायला घेतला.

"एप्रिलमध्ये उघडायला कधी येऊ? मिसेसनी लिहिलंय, ते तुम्हालाच विचारायचं."

शशिधरने वाकून कव्हरचा एक पट्टा घट्ट ओढला. कॉलिनने थोडी वाट पाहिली.

"घाई नाही. मार्चमध्ये फोन करतो मी. मिसेसनाच करू ना, नेहमीसारखा?"

"नाही," शशिधर म्हणाला. "मला करा."

कॉलिनने जुना नंबर खोडला आणि पेन टेकवून थांबला. शशिधर नंबर सांगू लागला. मधले आकडे चुकले, म्हणून त्याने तो पहिल्यापासून पुन्हा सांगितला.