खिडकीवरची चार बोटं

जिल्ह्याच्या कचेरीतल्या लोकांनो, माझं घर तुम्ही मोडलंत. ठोकळे मी ठोकले, हातोडा माझाच होता, ते मी नाकारत नाही. पण ठोकायला लावलंत तुम्ही. कागदावर शिक्का तुमचा आहे, सही तुमच्या माणसाची आहे, आणि या हिवाळ्यात मी तीन पत्रं पाठवली तरी उत्तर द्यावं असं तुमच्यातल्या एकालाही वाटलेलं नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहिते.

मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला, वळणावर तुंबला, आणि पाणी आमच्या खालच्या आळीत शिरलं. अकरा घरं गेली. माझ्या घराची भट्टी, म्हणजे घर उबवणारी विटांची मोठी चूल, तेवढी चिखलात उभी राहिली. तुम्ही टेकडीवर नव्या जागा दिल्यात आणि एक कागद दिलात. त्यावर दोन चौकोन: 'तयार घर' आणि 'स्वतःचं बांधकाम'. खाली दोन्हींना एकच ओळ: एक नोव्हेंबरपर्यंत घर राहण्याजोगं असल्याचा दाखला घ्या, नाहीतर जागा परत जाईल आणि तुम्हाला जिल्ह्याच्या गावात पाचव्या मजल्यावर एक खोली मिळेल.

दहा जणांनी पहिल्या चौकोनात खूण केली. मी दुसऱ्यात.

"ग्लाशा, फिरलंय तुझं डोकं," शेजारीण रुफिना म्हणाली. "माझं घर दोन ट्रकमध्ये बसून येतंय. तू काय करणार, झाडांना हाका मारणार?"

झाडं आधीच पडलेली होती. माझे धाकटे काका नझार, वय चौऱ्याहत्तर, अर्ध्या गावाची घरं त्यांच्या कुऱ्हाडीची. त्यांनी स्वतःच्या नव्या घरासाठी फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, झाडात रस नसतो तेव्हा पाइन तोडून, सोलून, रचून ठेवले होते. म्हणाले, "मला जुनं घर पुरेल. तू घे." त्या माणसाचे ओंडके अंगणात पडलेले असताना मी खोक्यातलं घर मागायचं?

रुफिनाचं घर एकोणीस दिवसांत उभं राहिलं. भिंतींवर आकडे होते, आकड्याला आकडा जोडायचा. चौदा नंबरची भिंत आलीच नाही, नऊ नंबरची, दाराची, दोनदा आली. त्यामुळे तिच्या स्वयंपाकघराला दोन दारं आहेत आणि त्यातलं एक थेट ओढ्याच्या उतारावर उघडतं. भिंतीवर मोठं कपाट टांगायला गेलं की स्क्रू आत उबेसाठी भरलेल्या कापसात जातो आणि कपाट खाली येतं. पण खोटं बोलणार नाही, ते घर उबदार आहे. आणि ते हलत नाही.

आमचं हलतं. तुमच्यात कुणी ओंडक्यांच्या घरात जन्मला असेल तर त्याला विचारा. आमच्याकडे आधी नुसता सांगाडा उभा करतात. ओंडक्यावर ओंडका, मध्ये शेवाळ, वर छप्पर. दार नाही, खिडकी नाही. मग एक अख्खं वर्ष त्याला बसू देतात. ओलं लाकूड सुकतं, आखडतं, शेवाळ चेपतं आणि भिंत चांगली चार बोटं खाली येते. त्यानंतर खिडक्या कापायच्या.

"काका, आपल्याकडे वर्ष नाहीये. नोव्हेंबर आहे."

"मग सांग ना लाकडाला."

"तुम्हीच सांगा. तुमची जुनी ओळख आहे."

काका हसले आणि दोन दिवस ओंडके मोजत फिरले. मग त्यांनी वाट काढली. चार खिडक्या आणि दार आत्ताच कापायचं, पण चौकटी ओंडक्यांना ठोकायच्या नाहीत, खाचेत सैल ठेवायच्या. प्रत्येक चौकटीच्या वर चार बोटं मोकळी सोडायची. त्या फटीत शेवाळ आणि जुनी लोकर कोंबायची आणि वरून फळी. भिंत खाली येईल ती त्या चार बोटांत उतरेल, चौकटीला धक्का लागणार नाही. सप्टेंबर संपता संपता घर उभं होतं. मी नवी भट्टी पेटवली, मासा भरून रोटी भाजली, आणि काका म्हणाले, "आता याला शांतपणे बसू दे."

चोवीस ऑक्टोबरला तुमचा तपासनीस आला. तरणाबांड, बूट कोरे. त्यानं पहिल्याच खिडकीवरची फळी उचकटली आणि बोट आत घातलं.

"हे काय?"

"शेवाळ," मी म्हणाले.

"ते दिसतंय. भिंतीत भोक का आहे?"

"भोक नाही बाळा," काका म्हणाले. "ती जागा आहे. घर खाली येणार आहे."

"घर कोसळणार आहे?"

"बसणार आहे. तू कसा दमलास की बसतोस, तसं."

"आजोबा, नकाशात घर बसलेलं नाही. नकाशात चौकट भिंतीला घट्ट आहे." त्यानं सात सेंटिमीटर मोजले आणि लिहिलं: दोष. सर्व चौकटींवरील पोकळी कठीण साहित्याने भरावी. मुदत सहा दिवस.

काका म्हणाले, "ठोकळे ठोकलेस तर मी या घराला हात लावणार नाही." एवढंच. मी रात्रंदिवस डोळ्यांसमोर पाचव्या मजल्यावरची खोली बघत होते, जिच्या खिडकीतून नदी दिसणार नाही. तिसऱ्या दिवशी लोकर ओढून काढली आणि पाचही चौकटींवर पाइनचे सुके ठोकळे गच्च बसवले. काका फाटकाशी आले, तो आवाज ऐकला, टोपी नीट केली आणि परत गेले. तीस तारखेला मला दाखला मिळाला. तपासनीस म्हणाला, "बघा, झालं ना?"

झालं. डिसेंबरमध्ये मी भट्टी दिवसातून दोनदा पेटवायला लागले आणि घर कण्हायला लागलं. मला एका जागी बसवेना. चहा ओतायची आणि कप तसाच ठेवून ओंडक्यांवर तळहात टेकवत फिरायची. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पुन्हा पहिल्या. भिंतीला खाली यायचं होतं आणि माझे ठोकळे तिला येऊ देत नव्हते. बाजूचे ओंडके आखडले, वरचे चौकटींवर अडकून राहिले, आणि मधून उजेड दिसायला लागला. बाहेर उणे अडतीस. मी मोजे कोंबले, चादरी कोंबल्या, वारलेल्या नवऱ्याचा जुना कोट फाडून कोंबला.

नऊ जानेवारीला पूर्वेच्या खिडकीची काच आडवी तडकली. त्याच सकाळी दार उघडेना. मी खांदा लावला, लाथा घातल्या, शेवटी मागच्या खिडकीतून बाहेर निघाले आणि कमरेत अडकले. रुफिनानं पाहिलं.

"अगं, तुझ्या घराला दारं कमी पडली का? माझ्याकडचं एक ने, जास्तीचं आहे."

"हस नंतर. ओढ आधी."

तिनं ओढलं. दोघी बर्फात पडलो आणि ती इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं. ती म्हणाली, "चल, माझ्याकडे झोप." त्या रात्री मी तिच्या नऊ नंबरच्या भिंतीशी झोपले. उबदार होतं. भिंत काहीही बोलत नव्हती. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

मी तुम्हाला फोन केला. तुमची बाई म्हणाली, "मंजूर बांधकामात बदल केलात तर दाखला रद्द होईल." मी विचारलं, मग गोठून मरू का? ती म्हणाली, "लेखी द्या." दिलं. तीनदा दिलं.

गेल्या मंगळवारी मी नझार काकांकडे गेले. "चूक झाली," मी म्हणाले. त्यांनी बूट चढवायला घेतले. "चूक झाली हे मला माहितीये. छिन्नी आणलीस का?"

पाच चौकटी, दुपारपर्यंत. शेवटचा ठोकळा निघाला तेव्हा घर दणकन खाली आलं. कपाटातली भांडी वाजली, छपरावरचा बर्फ घसरला, आणि ओंडक्यांमधला उजेड गेला. काकांनी भिंतीला पाठ टेकली आणि बराच वेळ तशीच ठेवली. दार आता एका बोटानं उघडतं. चौकटींवर पुन्हा शेवाळ आणि लोकर आहे, मोजायला या, आता तीन बोटं उरली आहेत.

म्हणजे मी मंजूर बांधकामात बदल केला आहे. लपवत नाही. तुमच्या कागदाप्रमाणे हे घर आता राहण्याजोगं नाही, आणि मी त्यात राहते आहे, आणि त्यातल्याच भट्टीवर पाणी उकळतंय. जो कागद गोठणाऱ्या घराला चालला, तो उबदार घराला का चालत नाही? जागा माझीच राहणार का? हो किंवा नाही, एवढंच लिहा, आणि खाली शिक्का नको. लिहिणाऱ्याचं नाव लिहा.