करकोच्यांची मोजदाद

मी एक जुना टिकटिक्या आहे. माझं खरं नाव लांबलचक आणि अवघड होतं. ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, आणि खोका केव्हाच कचऱ्यात गेला. तळहातात मावेल एवढा माझा गोल लोखंडी देह, वर एक दांडी आणि पोटावर चार आकड्यांची खिडकी. अंगठ्याने दांडी दाबली की 'टिक्' असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. कडेची चावी फिरवली की सगळं शून्य होतं. मित्रांनो, मला बेरीज येते, तीही एकेकाचीच. वजाबाकी मला येत नाही. ती माणसांना छान येते.

एका लांब टेबलावर, दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात माझा जन्म झाला. तिथल्या कामगार बाईने मला तेलाचा एक थेंब पाजला, शंभर वेळा दाबलं, खिडकीत शंभर आलेले पाहिले आणि मला खोक्यात निजवलं. तिचा हात कोरडा आणि स्वच्छ होता. पुढे मला कसले कसले हात भेटले ते आठवलं, की तो हात फार आठवतो.

मी एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात दाखल झालो. कुठे काय उभं राहावं आणि त्याने कुणाच्या पोटापाण्याचं काय होतं, याचा अभ्यास तिथे चालत असे. दोन वर्षं मी कपाटात धूळ खाल्ली. मग एक तरुण संशोधक बाई आली. तिला सगळे ताई म्हणत. तिने मला ओढणीने पुसलं, दोनदा दाबून पाहिलं आणि खिशात घातलं.

आम्ही एका तळ्याकाठी गेलो. तळ्याच्या पूर्वेला उंच कडा होता. हिवाळ्यात लांबलांबून आलेले करकोचे रोज पहाटे तो कडा ओलांडून तळ्यावर उतरत. पश्चिमेला दगडाची जुनी खाण होती. पोखरून पोखरून टक्कल पडलेला तो डोंगर दहा वर्षं ओसाड होता. सरकारला तिथे कुठेतरी वीस पवनचक्क्या उभारायच्या होत्या. वारा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. पक्षी राखायचे, पर्यटकांच्या जिवावर जगणाऱ्यांचं पोट राखायचं आणि वीजही मिळवायची, तर कुठली गोष्ट कुठे ठेवायची? हेच ताईला शोधून काढायचं होतं.

तळ्यावर होडी चालवणाऱ्या काकूंच्या माडीवर तिने खोली घेतली. काकूंचा नवरा खाणीत दगड फोडायचा. छातीत धूळ बसून तो गेला. काकू त्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणायच्या, "त्याने माझा माणूस खाल्ला. आता त्याने निदान गावाला उजेड तरी द्यावा."

तीन हिवाळे आम्ही पहाटे कडा चढलो. काकूंची नजर घारीसारखी. त्या ओरडायच्या, "आले! दहा, अजून दहा, मागे पाच!" आणि ताईचा अंगठा माझ्यावर नाचायचा. थंडीने तो बधिर व्हायचा, मग ती मला डाव्या हातात घ्यायची. एका सकाळी माझ्या खिडकीत तीन हजार चारशे बारा आकडा आला. ताई हसत सुटली.

काकू म्हणाल्या, "हसतेस काय? लिहून ठेव. नाहीतर उद्या म्हणतील, कावळे होते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं एवढीच. इथून पुढचं सांगताना माझ्या तोंडाला कडू चव येते.

ताईचे विभागप्रमुख पाहणीला आले. त्यांना सगळे सर म्हणत. ते तळ्याकाठच्या एका हॉटेल मालकाच्या गाडीतून आले आणि थेट जेवायलाच बसले. ओसाड खाण या मालकाने नुकतीच विकत घेतली होती. खड्ड्यात पाणी सोडून पोहण्याचा तलाव करायचा आणि कडेने खोल्या बांधायच्या, असा त्याचा बेत होता. जेवताना सरांनी मला ताईकडून मागून घेतलं. त्यांचा अंगठा तुपाने माखलेला होता. गप्पा मारता मारता त्यांनी मला उगाचच टिकटिक दाबलं. ते तूप माझ्या दांडीच्या फटीत शिरलं आणि पुढे महिनाभर मला त्याचा वास येत राहिला.

मालक म्हणाला, "सर, खाणीवर पंखे गरगरायला लागले तर माझ्या पाहुण्यांना झोप लागेल का?"

"मग कड्यावर न्यायचे," सर म्हणाले. "पक्षी हजाराच्या आत असले की नियम आड येत नाही."

"पण ताईंचा आकडा तीन हजारांवर आहे म्हणे."

सर हसले. "पोरगी भाबडी आहे. आपण पुन्हा मोजू."

ताई शेजारीच बसली होती. तिचा घास तोंडातच राहिला.

सरांनी पुन्हा मोजलं. कसं, ते ऐका. भर दुपारी, धुरकट हवेत, गाडीच्या काचा वर करून. दुपारी करकोचे तळ्यात चरत असतात, हे काकूंच्या होडीलासुद्धा ठाऊक होतं. सर फोनवर बोलत होते आणि अंगठा मला दाबत होता. खिडकीत सहाशे चाळीस आले. त्यातले करकोचे किती आणि कंटाळा किती, देव जाणे. अंगठा सांगेल ते मी दाखवतो. त्या दिवशी मला सरांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची शिसारी आली.

सरांनी अहवाल ताईपुढे ठेवला. "सही कर. पुढच्या महिन्यात तुझी नोकरी कायम होईल."

"आणि नाही केली तर?"

"तर दुसरं कुणीतरी करेल. तू फक्त बेकार होशील."

संध्याकाळी माडीवर ताई कागद मांडीवर घेऊन बसली. ताटातली भाजी थंडगार झाली. काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी, करायची तर कर सही. तुझ्या पोटाचा प्रश्न आहे, मी नावं ठेवणार नाही. फक्त उद्या माझ्याबरोबर कड्यावर येऊ नकोस. मला तुझ्याकडे बघवणार नाही."

ताईने सही केली नाही.

मग शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. सरांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि सहाशे चाळीसचा आकडा मोठ्या अक्षरांत झळकवला. वीज खात्याचे अधिकारी जांभया देत होते. ताई उठली. तिने वाद घातला नाही.

"उद्या पहाटे सगळ्यांनी वर यावं," ती म्हणाली. "हे यंत्र तुमच्या हातात घ्या आणि तुम्हीच मोजा. हजाराच्या आत भरले तर मी आजपासून या कामाला हात लावणार नाही."

सर म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?"

अधिकारी म्हणाले, "नाहीतरी मी मुक्कामाला आहे. येतो."

दुसऱ्या दिवशी अठरा माणसं धापा टाकत कडा चढली. सरांची पाठ दुखत होती, ते आले नाहीत. अधिकाऱ्यांनी कानटोपी खाली ओढली आणि मला हातात घेतलं. काकू ओरडू लागल्या. सूर्याची कड दिसण्याआधीच मी सहाशे चाळीस ओलांडले. अधिकाऱ्यांनी एकदा ताईकडे पाहिलं आणि दाबत राहिले. शेवटी खिडकीत दोन हजार नऊशे सत्याऐंशी होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे मान वर करून उभे होते.

पवनचक्क्या खाणीवर गेल्या. पहिलं पातं फिरलं तेव्हा काकूंनी होडी मध्येच थांबवली आणि डोळ्यांना पदर लावला. गावातले दिवे जाईनासे झाले. मित्रांनो, पवनचक्क्यांवर माझा राग नाही. त्या इमानाने फिरतात.

राग आहे तो यानंतरच्या लबाडीवर. अहवाल छापून आला. पहिल्या पानावर सरांचं नाव आणि उडत्या करकोच्यांचं चित्र होतं. ताईचं नाव शेवटच्या पानावर, गाडी चालवणाऱ्याच्या आणि टंकलेखकाच्या मध्ये, आभारात होतं. पुढच्याच महिन्यात तिला सांगितलं, निधी संपला. पक्षी वाचवल्याबद्दल सरांना शाल मिळाली आणि त्यांनी ती खांद्यावर घेतलीसुद्धा.

मालकही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने खाण वीज कंपनीला विकली आणि कड्याखालची जमीन घेतली. तिथे रिसॉर्ट उभं राहिलं. कमानीवर पाटी लागली, 'आम्ही वाचवलेला स्वर्ग'. ताई जिथे गोणपाटावर बसायची, तिथे काचेचा सज्जा आला आणि सज्ज्यावर भोंगे आले. तळ्यात इंजिनाच्या बोटी आल्या. काकूंची होडी जुनी दिसते म्हणून तिला बंदी झाली. आता काकू रिसॉर्टच्या चादरी धुतात. उद्घाटनाला सरांनी विभागाच्या कपाटातून मला काढलं आणि 'ऐतिहासिक मोजणीची आठवण' म्हणून मालकाला भेट दिलं. मालकाने मला फाटकावरच्या रखवालदाराला दिलं. पाहुणे मोजायला.

तेव्हापासून मी माणसं मोजतो. सज्ज्यावर काय चालतं ते रखवालदार घरी जाताना काकूंना सांगतो, आणि मी ऐकतो. पाहुणे चिकट पिशव्या वाऱ्यावर सोडून देतात. पक्षी बसलेले असले तर फोटोसाठी त्यांना दगड मारून उडवतात. आणि परत जाताना फाटकावरच्या वहीत लिहितात, 'निसर्गाच्या कुशीत मन शांत झालं'. मला ओकता येत नाही, म्हणून टिकटिकतो.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिकिटाच्या रांगेत ताई उभी होती. केसांत पांढरी बट, हातात कापडी पिशवी. रखवालदाराने तिला ओळखलं नाही. तिकीट पाहिलं आणि मला दाबलं. टिक्. माझ्या ताईला मी पर्यटक म्हणून मोजलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली. "दादा, हा कुठून आणलात?"

"मालकांनी दिलाय. फार जुना आहे, पण कधी चुकत नाही."

"तासाभरासाठी देता? वर जाऊन पक्षी मोजते."

रखवालदार भला माणूस. त्याने आतला आकडा कागदावर टिपला, मला शून्यावर आणलं आणि तिच्या हातात दिलं. तेवढ्यात ओल्या चादरी टाकून काकू पदराला हात पुसत धावत आल्या. दोघी कड्याच्या वाटेला लागल्या. काकूंच्या गुडघ्यांमुळे हळूहळू चढल्या. वर भोंगे वाजत होते. काचेला नाक लावून गर्दी उभी होती. दोघी एका कोपऱ्यात आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताईचा अंगठा माझ्या दांडीवर होता. मी वाट पाहत होतो. बऱ्याच वेळाने तिने मला खिशात घातलं.

खाली आल्यावर रखवालदाराने खिडकीत पाहिलं. चार शून्यं.

"अहो, हा बिघडला की काय?"

"नाही," ताई म्हणाली. "यंत्र लागलंच नाही. बोटांवर मोजण्याइतके होते."

मित्रांनो, मला तेल घाला, पुसून ठेवा, असं मी मागत नाही. गंजलो तरी चालेल. माझं मागणं एवढंच आहे की, जिथे 'आम्ही वाचवलं' अशी पाटी दिसेल, तिथे पाटीखाली फोटो काढून माघारी फिरू नका. आवाज न करता वर जा, मान वर करा आणि मोजा. आणि आकडा आला की तो कुणालाही पुसू देऊ नका.