जास्मिनचा उपास

"हलू नको गं बाई, सुई टोचंल," लताबाई घोडीला म्हणाल्या आणि दातात धरलेला दोरा ओढून त्यांनी आयाळीची पुढची वेणी घातली. जास्मिनने मान वळवून त्यांचं घामेजलेलं मनगट चाटलं. मग भिंत चाटली. लताबाईंनी तिचं तोंड सरळ केलं आणि पुढच्या वेणीला हात घातला.

लताबाई मूळच्या सायखेड्याच्या. आधी गंगापूर रोडच्या एका पार्लरमध्ये नवऱ्या मुलींचे अंबाडे घालायच्या. स्पर्धेत घोड्यांच्या आयाळीला वेण्या लागतात आणि सईसांच्या हाताला ते जमेना, म्हणून धरणाजवळच्या रायडिंग क्लबाने त्यांना ठेवून घेतलं. घोडी बरी, आरशात बघून नाकं मुरडत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

क्लबात मुलांना 'हंटर' नावाच्या स्पर्धेसाठी तयार करत. नाव ऐकून वाटतं, कोणी वाघ मारून आणणार. तसं काही नाही. काळे कोट घातलेली बारा-पंधरा वर्षांची मुलं ठेंगण्या अडथळ्यांवरून घोडे उडवत नेतात. वेळ कोणी मोजत नाही. घोडा किती शहाण्यासारखा चालला, एवढंच परीक्षक बघतात. शेपूट झटकली, डोकं उडवलं, कान पाडले की मार्क गेले. थोडक्यात, जनावराने बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसल्यासारखं वागायचं.

आणि घोडा पडला घोडा. त्याला शहाणा करायचा स्वस्त उपाय क्लबात पूर्वीपासून चालत आला होता. आदल्या संध्याकाळी पुढ्यातली पाण्याची बादली उचलायची. सकाळपर्यंत जनावर इतकं मलूल होतं, की बघणाऱ्याला ते संस्कारी वाटतं. याला तिथे 'उपास' म्हणत. "काय, आज कोणाचा उपास?" असं मुख्य प्रशिक्षक धनराज सर हसत विचारायचे आणि सईस हसत सांगायचे. स्पर्धेच्या नियमात हे बसत नव्हतं, पण नियम बघायला रात्री तबेल्यात कोण येणार?

लताबाई हे उपास गुपचूप मोडायच्या. गेल्या वर्षी त्यांनी आरोहीच्या घोड्याला अर्धी बादली पाजली आणि तो तरतरीत होऊन मैदानात नाचला. आरोही हॉटेलवाल्याची लेक. तिचा नंबर गेला, ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि लताबाई तबेल्यामागे जाऊन पदरात तोंड खुपसून हसल्या. त्या हसण्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

यंदा मात्र त्यांची स्वतःची लेक राखी उतरणार होती. क्लबाने स्पर्धेतली एक जागा नोकरांच्या मुलांसाठी ठेवली होती आणि त्याबद्दल स्वतःचं भरपूर कौतुक करून घेतलं होतं. पहिल्या तिघांत आलेल्या मुलाला क्लब पुण्याच्या घोडेस्वारीच्या शाळेत धाडणार, राहणं-जेवण-शिक्षण-घोडा सगळं शाळेकडे. राखीला मिळाली ती रेसमधून काढून टाकलेली, सगळ्यांत तापट जास्मिन. तिच्यावर दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं.

"घोडी भडकली तर पोरीची संधी गेली, लताबाई," सर आदल्या दिवशी म्हणाले होते. "पुन्हा ही जागा ठेवतील याची खात्री नाही. उपास नीट होऊ द्या."

त्या संध्याकाळी बादली लताबाईंनी स्वतःच्या हाताने उचलली. घोडी बादलीमागे मान ताणत राहिली, दोर लागेपर्यंत.

"आई, हिची बादली कुठंय?" राखीने सकाळी विचारलं.

"धुवायला नेली. रात्रभर प्यालीय ती."

"आज एवढी शांत कशी?"

"तुला वळखती आता. तुझी झालीय."

राखीने घोडीच्या कपाळावर कपाळ टेकलं. कोणी एवढ्या विश्वासाने आपलं म्हणणं मानलं की खोटं बोलणाऱ्याला बरंही वाटतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. लताबाईंना दोन्ही वाटलं. त्यांनी पोरीच्या कोटाची कॉलर नीट केली.

ऊन चढलं होतं. जास्मिन मैदानात आली आणि कुंपणावरची आईबापांची कुजबुज थांबली. ती लोण्यासारखी चालली. प्रत्येक अडथळा मान खाली घालून, कान स्थिर ठेवून, जणू झोपेत ओलांडला. शेपटीचा केस हलला नाही. परीक्षक बाई मान डोलवत राहिल्या. राखी पहिली आली.

"तिने माझं सगळं ऐकलं, आई! सगळं!" राखी ओरडत आली. तिने स्वतः खोगीर उतरवलं, स्वतः हौदावर नेलं आणि जास्मिन प्यायली. थांबेचना. घशातून घटघट आवाज येत होता आणि राखी हसत तिची मान थोपटत होती.

बक्षीस समारंभ चालू असतानाच घोडी तबेल्यात पाय खरवडायला लागली. मग पोटाकडे बघायला लागली. मग आडवी पडून लोळायला लागली. म्हातारा सईस मल्हारी धावत आला. "कॉलिक हाय, पोट धरलंय! डागदरला हाळी द्या!"

क्लबाचे डॉक्टर मैदानावरच होते. त्यांनी हिरड्या दाबून पाहिल्या. "तोंड इतकं कोरडं? पाणी कधी प्यायली?"

"मी आत्ताच पाजलं," राखी म्हणाली. "आल्या आल्या. तहानली होती खूप."

"तापलेल्या घोड्याला? एवढं पाणी?" धनराज सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "राखी, किती वेळा शिकवलंय!"

डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते लताबाईंकडे वळले. "रात्री हिच्यापुढे पाणी होतं का? नीट सांगा. आतून सुकली असेल तर मला आधी सलाईन लावावी लागेल. नाहीतर उपचार वेगळा."

परीक्षक बाई दारात उभ्या होत्या. सर लताबाईंकडे बघत होते, आणि त्यांनी डोळ्यांनी काही सांगायचीही गरज नव्हती. राखीच्या छातीवर पहिल्या नंबरची फीत होती.

"व्हतं, साहेब," लताबाई म्हणाल्या. "भरलेली बादली व्हती."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि फिरवायला सांगितलं. मल्हारी आणि राखी त्या घोडीला उन्हात गोल गोल फिरवत राहिले. पडली की ओढून उठवायची. सलाईन लागली ती फार उशिरा. दिवेलागणीच्या सुमारास जास्मिनने मातीत तोंड खुपसलं आणि परत वर केलं नाही. तिला ओढायला जेसीबी आला तेव्हा आरोही आणि बाकीची मुलं गाड्यांच्या काचांतून बघत होती. घरी पोचेपर्यंत मुलांच्या ग्रुपवर राखीचं नाव 'वॉटर टँकर' पडलं होतं. त्यावर हसून लोळणारे चेहरे आले.

धनराज सरांनी मोठेपणा दाखवला. "लहान आहे, चूक होते. तिची पुण्याची जागा आम्ही काढून घेणार नाही," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लताबाईंनीही वाजवल्या.

राखी चार घासही खाईना. पाणी पिताना मधेच थांबायची. लताबाईंनी किती वेळा तोंड उघडलं. आज सांगू, जेवल्यावर सांगू, बॅग भरून झाली की सांगू. पण सांगितलं तर पोर पुण्याला जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती फीत परत द्यायला निघाली असती, इतकी ती वेडी होती. लताबाईंना ती शिकायला हवी होती आणि ती आपली राहायलाही हवी होती.

ठक्कर बाजारच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. राखीने बॅग खाली ठेवली.

"आई, एक विचारू? सगळे मला बोलले. सर बोलले, मल्हारीकाका बोलले, मुलं तर अजून बोलतात. तू एक शब्द नाही बोललीस."

"काय बोलायचं," लताबाई म्हणाल्या.

"मी मारलं तिला. तरी तू मला जवळ घेऊन झोपलीस." राखीचे डोळे भरले. "तुझ्यासारखी आई कोणाला नसेल."

ती वाकली आणि भर गर्दीत तिने आईच्या पायांवर डोकं टेकवलं. लताबाईंनी पाय मागे घ्यायला पाहिलं, पण मागे कोणाच्या तरी कांद्याच्या गोण्या होत्या.