बांधावरच्या लाल फिती

नागनाथ त्या विहिरीपाशी दुसऱ्यांदा आला आणि थबकला. आधी वाटलं, असेल दुसरी एखादी. या भागातल्या विहिरी सगळ्या सारख्याच, दगडी कठडा आणि शेजारी लिंबाचं झाड. पण कठड्यावर वाळत घातलेलं निळ्या काठाचं लुगडं तेच होतं. घड्याळात बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तेरा मिनिटांपूर्वी तो इथूनच पुढे गेला होता, झुडपांना बांधलेल्या लाल फिती बघत बघत, कुठेही वाट न सोडता. आणि त्या फितींनी त्याला दोन रानांना पुरता वळसा घालून पुन्हा इथेच आणून सोडलं होतं.

नागनाथ पळतो याचं हुमनाबादेत कुणाला फारसं कौतुक नव्हतं. तो बसस्थानकावर कंट्रोलर. काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माइकवरून कानडी, मराठी, हिंदीत गाड्या पुकारायच्या, हे तेवीस वर्षांचं काम. बसून बसून शेहेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. ड्युटीच्या आधी तासभर वेळ कुठून काढायचा, म्हणून हा अर्धा तास पळायला लागला आणि पळण्याचंच वेड लागलं. आधी हायवेच्या कडेने, लॉऱ्यांचा धूर खात. मग गाडीवाटांनी, ओढ्याकाठाने, माळावरून. रानात त्याला कुणी गाडी कधी आहे असं विचारत नसे, आणि हे सुख किती मोठं आहे ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याची बायको सरुबाई सुरुवातीला फार वैतागली होती. गावाकडं माणूस पळताना दिसला की लोक विचारतात, कोण गेलं. सोयऱ्यांकडे मयताचा सांगावा पोचवायलाच माणसं पळायची, ही तिच्या माहेरची रीत. नवरा चड्डी घालून कोहिनूर गावाच्या रस्त्याने पळतो, आणि भेटेल तो तिला घरी येऊन विचारतो, सगळं बरं आहे ना? दहा वर्षांत तिने त्याला पळताना एकदाही बघितलं नव्हतं. बघायचंच नाही असं तिने ठरवलेलं होतं.

बसवकल्याणच्या रानातली ही पन्नास किलोमीटरची शर्यत हैदराबादच्या हौशी लोकांचं एक मंडळ भरवायचं. सकाळी सहाला शाळेच्या मैदानावरून निघायचं आणि दुपारी तीनच्या आत परत यायचं. नऊ तास म्हणजे नऊ तास. एक मिनिट वर गेलं की पदक नाही, यादीत नावही नाही. पहिल्या वर्षी नागनाथ बत्तिसाव्या किलोमीटरला ओकारी काढून टेम्पोत बसला. दुसऱ्या वर्षी तो परत आला, पण सहा मिनिटं उशिरा. ती सहा मिनिटं त्याला पुढे कित्येक दिवस जेवताना आठवायची. हे तिसरं वर्ष, आणि शेवटचं. पुढच्या वर्षापासून मंडळ शर्यत सह्याद्रीत नेणार होतं. छप्पन वर्षांच्या कंट्रोलरला रजा काढून तिकडे जाणं जमणार नव्हतं. हे ऐकून सरुबाई पहिल्यांदा म्हणाली होती, येते मी. आत्ता ती मैदानावर बसली असणार. इथून बारा किलोमीटर राहिले होते आणि या विहिरीचा घोळ होईपर्यंत त्याच्या हातात चांगली चाळीस मिनिटं शिल्लक होती.

त्याने जवळची फीत नीट बघितली. मंडळाची मुलंमुली फिती बांधतात त्या फुलासारख्या, बुटाची नाडी बांधल्यासारख्या. ही फीत पीळ देऊन खाली खोचलेली होती. कडब्याची पेंडी बांधणाऱ्या हाताचं हे काम. नागनाथ शेतकऱ्याच्या पोटचा, त्याच्या ते लगेच ध्यानात आलं.

"दुसरा फेरा व्हय हा?" लिंबाखालून आवाज आला. एक म्हातारा गुडघ्याला पंचा बांधून आरामात बसला होता. मघाशीही तो तिथेच बसलेला असणार.

"अप्पा, ह्या फिती कुनी हलवल्या का?"

"आमी कामून हलवू?" म्हातारा म्हणाला. आणि लगेच बांधापलीकडे बोट दाखवून, "तिला इचारा."

जिला विचारायचं ती सुभद्राबाई, पलीकडच्या रानाची मालकीण, हातातला विळा न ठेवता बांधापर्यंत आली आणि तिने सगळं बैजवार सांगून टाकलं. लिंबाखाली बसलेल्या या बसवंतप्पानेच काल संध्याकाळी अर्ध्या फिती सोडून तिच्या रानाच्या पार पलीकडच्या कडेला नेऊन बांधल्या. ते तिला सकाळी दिसलं. मग उरलेल्या फिती तिने सोडल्या आणि बसवंतप्पाच्या पलीकडच्या कडेला बांधल्या. मधल्या सामाईक बांधावरून ओढ्याकडे सरळ जाणारी वाट अशी नाहीशी झाली, आणि दोन्ही रानांभोवती फेरा तयार झाला. कामून, तर दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात अशाच लाल चिंध्या आल्या होत्या. आधी चिंध्या, मग दगड, मग बायपास. काळी जमीन गेली ती गेलीच.

नागनाथने सांगून बघितलं की ही सर्व्हेची माणसं नव्हेत. सुभद्राबाईने मानलं नाही. "सकाळी सहा-सात जन गेले की बांधावरनं. मनगटाला मशीन बांधल्यालं. पळायलेत आन मशीनीत बघायलेत. मापं घेत न्हवते तर काय करायले होते?"

ते पुढचे, जोरकस पळणारे. त्यांच्या घड्याळात सगळी वाट दिसते, त्यांना फितींची गरज नसते. नागनाथचं घड्याळ फक्त वेळ दाखवायचं. त्याने पुन्हा समजावलं. लोक नुसते पळतात. पन्नास किलोमीटर.

"कुनी लावलंय पळायला?"

"कुनी न्हाई, अक्का. आपल्या मनानं."

सुभद्राबाईने बसवंतप्पाकडे पाहिलं, बसवंतप्पाने सुभद्राबाईकडे. बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद असलेली ही दोघं इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झाली. हा माणूस लबाड आहे.

बारा चाळीस झाले होते. वाट आता त्याला कळली होती. बांध धरून सरळ ओढा गाठायचा, पुढे फिती जागच्या जागी असतील. निघाला असता तर जमलं असतं. निघावं असं त्याला वाटलंही, अगदी मनापासून, पाय तर उचललाच होता. पण मागे अजून आठ जण होते. शेवटच्या थांब्यावर बघितली होती त्याने ती माणसं. त्यात एक साठीची चष्मेवाली बाई होती, हैदराबादची. ती फार मागे नव्हती आणि मान खाली घालून एका लयीत येत होती. ती या विहिरीला किती फेरे मारील कोण जाणे. आणि फिती आत्ता बांधून गेला तरी हे दोघं त्याची पाठ वळताच पुन्हा सोडणार, यात त्याला शंका नव्हती.

वैतागाने असेल, दमल्यामुळे असेल, त्याच्या तोंडून एकदम ड्युटीवरचा आवाज निघाला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "इकडे लक्ष द्या. हा रस्त्याचा सर्व्हे नाही. तुमच्या जमिनीला धक्का लागणार नाही. फिती उद्या सकाळी काढून नेण्यात येतील."

सुभद्राबाईने विळा खाली घेतला. "हुमनाबादच्या स्टँडावर बोलतंय ते तुमीच का, अण्णा?"

"मीच."

"अप्पा," ती अकरा वर्षांनी म्हाताऱ्याशी थेट बोलली, "हे मानूस खोटं बोलत न्हाई. ह्यानं गाडी न्हाई म्हनलं की येतच न्हाई. लेकीच्या बाळंतपनाला निघाले तवा समदे म्हनायले, उदगीरची गाडी गेली. ह्यो म्हनला, येनार हाय, बसा. बसले. आली."

नागनाथला ते काही आठवत नव्हतं. अशा गाड्या त्याने हजारांनी पुकारल्या होत्या. तेवीस वर्षांत लोकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, काचेवर थापा मारल्या होत्या. कुणी ऐकून, भरवसा ठेवून बसून राहतं, हे त्याला आज प्रथमच कळलं. त्याला फार बरं वाटलं. इतकं, की क्षणभर घड्याळाकडे बघायचं राहिलं.

बसवंतप्पा तयार झाला, पण अट घालून. फिती बरोबर बांधाच्या मधोमध हव्यात, वीतभरही त्याच्या अंगाला नकोत. सुभद्राबाईचंही तेच म्हणणं. आणि त्या नागनाथनेच बांधायच्या, कारण दोघांचा एकमेकांच्या हातावर विश्वास नव्हता. मग काय, दोघं दोन्ही कडांच्या फिती सोडून आणून देऊ लागली आणि तो वाकून वाकून बोरीला, तरवडाला, जिथे काहीच नव्हतं तिथे तुराटी रोवून तिला एकेक बांधू लागला. अडतीस किलोमीटर पळालेल्या माणसाने वाकणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दोन वेळा बसवंतप्पाने तुराटी उपटून बोटभर सरकवायला लावली.

निम्म्या फिती झाल्या तेवढ्यात मागची माणसं दिसू लागली आणि कडेच्या उरलेल्या फिती बघून तिकडे वळू लागली. नागनाथ विहिरीच्या कठड्यावर चढला. छातीवरचे नंबर वाचून त्याने पुकारायला सुरुवात केली. नंबर एकशे चार, बांधाने सरळ, ओढ्याकडे. नंबर सत्तावन्न, सरळ. मराठीत, मग हिंदीत, आणि सवयीने कानडीतही. आठच्या आठ माणसं त्याच्या आवाजावर त्या बांधावरून पार झाली. चष्मेवाली बाई हात वर करून गेली. सुभद्राबाई कौतुकाने बघत होती, जणू तिनेच त्याला माइक दिला होता.

तो निघाला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सुभद्राबाईने हातात हरभऱ्याचे ढाळे दिले, ते सोलून खात खात तो ओढ्यात उतरला. बारा किलोमीटर, एकशे दहा मिनिटं. ताजा असता तर हसत गेला असता.

जीव तोडून पळाला तो. तांड्याजवळच्या चढावर मांडीत गोळा आला तेव्हा खाली बसून दोन्ही हातांनी मांडी दाबली आणि पुन्हा उठला. चढ संपल्यावर माळावर वारं लागलं. खाली ज्वारी दाण्याला आलेली, त्यापलीकडे उसाची हिरवी पट्टी. पुढे-मागे कुणी नव्हतं. तिथे त्याने मनाशी हिशेब केला आणि त्याला कळलं की जमणार नाही. आश्चर्य म्हणजे पाय थांबले नाहीत. आपण पळतोय, हे रान आपलं ओळखीचं आहे आणि मागे कुणी चुकलेलं नाही, एवढं त्या वेळी त्याला पुरत होतं. वाईट वाटायचं ते नंतर वाटणार होतंच.

मैदानावर तो शिरला तेव्हा कमान अर्धी उतरवली होती. तीन वाजून अकरा मिनिटं. टेबलामागे मंडळाची शिवगंगा नावाची तरतरीत मुलगी बसली होती. चष्मेवाल्या बाईने तिला सगळं सांगितलेलं होतं. ती बाई दोन अठ्ठावन्नला पोचली होती आणि गळ्यात पदक घालून तिथेच थांबली होती. शिवगंगा म्हणाली की फिती हलल्या यात सरांची काहीच चूक नाही, विहिरीपाशी गेलेली चाळीस मिनिटं वजा करायची, मंडळाची हरकत नाही. तिने पदक हातात घेतलंसुद्धा.

नागनाथने पदकाकडे बघितलं. हवं होतं त्याला ते. तीन वर्षं हवं होतं, आणि नको म्हणण्यात काही मोठेपणा आहे असंही त्याला वाटत नव्हतं. पण ड्रायव्हर लोक त्याच्या खिडकीशी येऊन रोज कारणं सांगायचे. टायर बसला, फाटक पडलं, म्हशी आडव्या आल्या. कारणं बहुतेक खरीच असायची. आणि तो "बरं" म्हणायचा आणि गाडी ज्या वेळेला आली तीच वेळ लिहायचा.

"तीन अकरा लिवा, ताई," तो म्हणाला. "आलो तवाची येळ."

मुलीने पदक खाली ठेवलं आणि लिहिलं. सरुबाई मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. झाडाखाली बसून दोघांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिने त्याच्या पायांना तेल लावून दिलं, चारचौघांत. मग ती म्हणाली, "ती चष्म्याची बाई रडायली होती. तुमचं नाव घेऊन."

शाळेपासून डांबरी रस्ता अर्ध्या फर्लांगावर होता. नागनाथचे पाय लाकडासारखे झालेले, तो एकेक पाऊल मोजून टाकत होता. फाट्यावर हुमनाबादची गाडी उभी दिसली. दोन माणसं चढली आणि दार लागलं. पुढची गाडी सव्वा तासाने, हे त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? तो म्हणाला, जाऊ दे, बसू दुसरीनं.

सरुबाईने पिशवी त्याच्या हातात दिली. लुगड्याचा काठ वर खोचला, चपला काढून हातात घेतल्या आणि ती पळत सुटली. पन्नाशीची, अंगाने जड बाई, हात वर करून, ड्रायव्हरला हाका मारत, भर रस्त्याने. अंबाड्याखाली तिची पाठ घामाने भिजलेली दिसत होती. गाडी हलली, थोडी पुढे गेली आणि थांबली. खिडक्यांमधून माणसं डोकी काढून बघू लागली. नागनाथ पिशवी धरून मागून चालत राहिला, त्याच्याने भरभर होत नव्हतं. आणि सरुबाई एक पाय पायरीवर ठेवून, दाराची दांडी घट्ट धरून, धापा टाकत, तो पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.