कोहळ्याच्या पोटातले जंत

मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरं कडेवर घेऊन, धुराने डोळे चोळत सारं गाव उभं होतं आणि मध्ये बसले होते धुरीवाले महाराज. समोर पाण्याची परात, परातीत दगडावर लालबुंद तापलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर महाराज चिमूटभर ‘हिमालयातली जडी’ टाकत, वरून तेलाचे दोन थेंब. धूर उठला की बुडाला भोक असलेलं मडकं पालथं घालत, भोकातली नळी लेकराच्या बेंबीला लावत आणि डोळे पांढरे करत.

“निकल कीडे, बाहर आ! आंत का जवाई, तेरी बिदाई आई!”

मडकं उचललं की परातीत बारीक, वाकडे, पांढरे किडे तरंगत. “माय व!” करत गर्दी मागे सरके आणि लगेच दुप्पट पुढे येई.

रागिणीने आठ वर्षांच्या प्रणालीला पुढे बसवलं. पोरगी पांढरीफटक पडलेली. शाळेतले खडू खायची, चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. महाराजांनी तिचेही किडे काढले, पळसाच्या पानात बांधून तुळशीखाली पुरायला दिले आणि बजावलं, “ध्यान में रखो माई, शाळेतली गोळी खाल्ली का किडे खवळतात. मग मले दोष नाई द्याचा.”

आठ दिवसांपूर्वी शाळेत जंताची गोळी वाटली, तेव्हाही महाराजांचं हेच सांगणं गावभर झालं होतं; म्हणून तर त्या दिवशी रागिणीने पोरीला घरीच ठेवलं होतं. राहिलेल्या लेकरांना गोळी उद्या मिळणार होती.

घरी आल्यावर तासाभरात प्रणाली पोट धरून बसली. “आई, किडे निंगाले नं? मंग पोट काहून दुखते?”

“तीन धुऱ्या लागते, बाई,” सासू माणिकबाई म्हणाली. तिच्या आवाजात श्रद्धा होती. रागिणीने मात्र पानाची पुडी अजून तुळशीखाली पुरली नव्हती.

तेवढ्यात गावची आशा स्वयंसेविका दुर्गाबाई दारात. “काय व रागिणी, उद्या तरी पाठवतं का पोरीले?”

“ताई, किडे आमी आपल्या डोळ्यानं पायले.”

“पायले असन. पण बेंबीतून निंगताना पायले का? परातीवर तं मडकं झाकलेलं होतं.” दुर्गाबाई पोरीचं नख दाबून बघत म्हणाली, “रक्त पिऊन रायले हे जंत. तुयी लेक हाय, तूच पाय.”

ती गेली, पण रागिणीला एका जागी बसवेना. पानाची पुडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी उन्हात नेऊन नीट पाहिलं. किड्यांना ना तोंड, ना हालचाल. एकाला चपटं, पिवळसर टरफल चिकटलेलं.

तिचा हात थबकला. दरसाल पिकलेली वांगी चोळून, राखेत घोळून बी राखणारे हात ते. हे बी वांग्याचं नव्हतं, पण वांग्याच्या भावकीतलं होतं. शेताच्या बांधावर काट्यांत पिवळी फळं धरून पसरते ती भुईरिंगणी! बाळापूरच्या बाजारात वांगी विकणारी अख्खी आळी आज पारावर होती, आणि बी ओळखणाऱ्या एकानेही परातीत वाकून बघितलं नव्हतं. देवाकडे बघताना बियाण्याकडे कोण बघतो?

तिने फळं खुडून आणली. चुलीत खुरपं लाल केलं, पाण्याच्या परातीत दगडावर ठेवून त्यावर बी टाकलं, तेल सोडलं, वर लोटा पालथा. उचलला तर किडेच किडे!

“अवो माय!” माणिकबाईने तोंडावर पदर धरला. “चुलीलेबी जंत झाले?”

सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत रागिणी पारावर हजर. डोक्यावर कोहळं, हातात खुरपं.

“महाराज, याचं पोट लय फुगलं हाय. धुरी द्या.”

गर्दीत खसखस पिकली. महाराज गरजले, “निर्जीव चीज को धुरी नहीं लगती!”

“मंग मीच देतो,” ती खाली बसली. त्यांच्याच विस्तवात खुरपं तापवून परातीत ठेवलं, पदरातलं चिमूटभर बी आणि तेल त्यावर सोडलं, त्यांचंच मडकं घातलं, नळी कोहळ्याच्या देठाला टेकवली. मडकं उचललं, तर परातीत तेच पांढरे किडे.

“बापा! कोहळं खडू खात होतं का व?” मागून कोणी ओरडलं, आणि पार हसण्याने हादरला. रागिणीने ओंजळीतलं बी सगळ्यांपुढे धरलं. “भुईरिंगणी हाय. तापलं का बी फुटते, आतला पांढरा कोंब पाण्यात पडते. पोटात जंत हायेतच, पण ते या परातीत येत नसते.”

हसणं थांबेपर्यंत महाराजांची मोटरसायकल अकोल्याच्या रस्त्याला लागली होती.

शाळेत प्रणालीने गोळी हातात फिरवली. “आई, किडे खवळतीन का?”

“मळमळ झाली तं मले सांग. नीट चावून खाय.” पोरगी चावत होती तोवर रागिणी तिच्याकडे बघत राहिली. आठ दिवस आपण वाया घातले होते; आता एकही नाही. मग ती दुर्गाबाईकडे वळली, “ताई, चप्पल घालून वाफ्यात गेली, हात धुतले, तं पुन्हा होत नाई नं?”

“कमी होते. आणि सहा महिन्यानं पुन्हा गोळी.”

जंत मातीतून येतात, उघड्या पायातून अन् न धुतलेल्या हातातून शिरतात, आणि औषधाने जातात. यात मंत्राला कुठेच जागा नाही. तरी उद्या कोणी नवी परात मांडलीच, तर भांडू नका, रागावू नका. फक्त म्हणा, महाराज, पोरीच्या आधी आमच्या कोहळ्याचे काढा.