सात घरं आणि एक पांढरी गोळी

खरं सांगतो मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. कारण चूक माझ्याच पोटात झाली आणि मी गप्प राहिलो. पण माझा जुना दोस्त, स्टीलचा फ्लास्क, रोज टोचायचा. शेवटी बसलो लिहायला.

मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. निळं प्लॅस्टिक, सात वारांची सात घरं. गुरुवारचं झाकण ढिलं, कितीही दाबा, टक्कन उघडतं. पुली गावच्या आमाने, म्हणजे लान-यिंगच्या आजीने, बारा वर्षं माझ्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या. मग एके सकाळी तिने मला पुसून नातीच्या हातात दिलं. मी चक्क विमानात बसणार होतो.

आमाने तरुणपणी कारखान्यात फुलपाखरांचे पंख चिकटवून चित्रं केली. नात मात्र जिवंत फुलपाखरं मोजते. तिला सहा आठवडे पापुआ न्यू गिनीच्या जंगलात जायचं होतं. तिथे एक फुलपाखरू आहे, पंख उघडले तर माझ्यापेक्षा लांब. ते तिला बघायचंच होतं. पण तिथे मलेरियाही आहे. म्हणून आधी डॉक्टरीणबाई.

"आठवड्याला एकच गोळी घ्यायची असंही औषध आहे," बाई म्हणाल्या. "झोप कशी आहे तुझी?"

"परीक्षेच्या वर्षी फार घाबरायचे. झोपच नव्हती."

"मग ते नको. त्याने वाईट स्वप्नं पडतात, मन बिघडतं."

दुसरं एक औषध सोपं होतं, पण तिच्या खिशाला झेपेना. राहिली रोजची पिवळी कॅप्सूल. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ऊन लागलं की कातडी भाजते, म्हणून टोपी आणि लांब बाह्या. जायच्या दोन दिवस आधी सुरू करायची. परत आल्यावरही अठ्ठावीस दिवस.

"आणखी काही औषध घेतेस?"

"नाही," लान-यिंग म्हणाली.

आता ऐका. आमच्या पुलीत पोटाची पांढरी गोळी, म्हणजे आम्लपित्तावरची, औषधात धरतच नाहीत. सर्दीची गोळी असो की दाताची, सोबत ती हवीच. घरी आमाने मला भरलं. प्रत्येक घरात एक पिवळी, एक पांढरी, आणि पुढच्या आठवड्यांसाठी दोन्हींची पाकिटं पिशवीत.

"आमा, कशाला गं?"

"तुझं पोट तुझ्या बापासारखं. नाजूक. गप घे."

मला वाटलं, वा, जोडी जमली. काय ऐट होती माझी.

जंगलात पहिले आठ दिवस मजेत गेले. टोपी, लांब बाह्या, तरी नाकाचं टोक भाजलंच. पोट मात्र एकदम शांत. नवव्या दिवशी तिला ताप आला. दात वाजत होते. तिला नदीकाठच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्स डोरकासने बोटातून रक्ताचा थेंब मलेरिया तपासायच्या पट्टीवर घेतला आणि विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"एक दिवस चुकला नाही. बघा."

डोरकासने मला उघडलं. एकेक घर. मग कपाळावर हात मारला.

"ही पांढरी कोणी घातली?"

"आजीने. पोटासाठी."

"आजी प्रेमळ आहे, पोरी. पण ही पांढरी त्या पिवळीला पोटातच धरून ठेवते, रक्तात जाऊच देत नाही. नऊ दिवस तू डासांना फुकट जेवायला घातलंस."

लान-यिंग रडायला लागली. "म्हणजे मला परत पाठवणार? ते फुलपाखरू अजून दिसलं नाही."

"आधी पट्टी तर बघू."

पट्टीवर एकच रेघ आली. म्हणजे आज मलेरिया नाही. उद्या परत, परवा परत. ते तीन दिवस मी उशाशी होतो. माझ्या घरातली पांढरी गोळी मला दगडासारखी टोचत होती. तिन्ही दिवस एकच रेघ. साधा ताप होता, उतरला.

पांढऱ्या गोळ्या बाहेर गेल्या. नुसत्या पिवळीने मळमळायला लागलं, तर डोरकास म्हणाली, "आधी पोटभर जेव, मग गोळी, मग फ्लास्कभर पाणी." जमलं. आणि पाचव्या आठवड्यात ते आलं. हिरवं, संथ, झाडाच्या शेंड्यावरून थेट खाली. लान-यिंगने फोटो काढलाच नाही. नुसती बघत राहिली.

काल आम्ही पुलीला आलो. आमाने तांदळाच्या शेवया वाढल्या आणि मला उचलून थेट खणात टाकलं. "आता कसली गोळी? घरी आलीस."

"आमा, मलेरिया अंगात लपून येतो. अजून अठ्ठावीस."

"आणि पोट?"

"तुझ्या शेवया आहेत की."

आमा पुटपुटली, पण मला बाहेर काढून वाटीशेजारी ठेवलं. मित्रांनो, गोळी कुठली हे डॉक्टरांना ठरवू द्या, आणि जे जे खाता ते सगळं त्यांना सांगा. पोटाची गोळीसुद्धा.

आणि फ्लास्का, तुला शब्द देतो. तू पाणी भरून उभा राहा. अठ्ठाविसावी कॅप्सूल जाईपर्यंत गुरुवारचं हे झाकण मी कोणालाही बसवू देणार नाही. टक्कन उघडेन, आणि लान-यिंगला गोळी आठवेल.